प्रसाद न देणारा देव: जैन पूजा आणि स्तोत्रं समजून घेताना

सांगली-कोल्हापूर भागातल्या एखाद्या जैन बस्तीत (तिकडे मंदिराला बस्ती म्हणतात) पहिल्यांदाच गेलेला पाहुणा पूजा आटोपली की सवयीने हात पुढे करतो. प्रसाद काही मिळत नाही. अभिषेकाचं पाणी, म्हणजे गंधोदक, कपाळाला आणि डोळ्यांना लावायला मिळतं. पण देवापुढे वाहिलेला नारळ, फळं, बदाम, तांदूळ यांतलं काहीच वाटलं जात नाही, आणि श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, तर त्याला हातही लावत नाहीत. वाहिलं ते निर्माल्य. ते स्वतः खाणं हा दोष मानला जातो.

पाहुण्याला हे कोरडं वाटू शकतं. मला मात्र जैन पूजा समजून घ्यायची सर्वांत चांगली वाट इथूनच जाते असं वाटतं. देवाला दिलं, देवाने त्यातलं थोडं परत दिलं, असा व्यवहार इथे होतच नाही, कारण समोर बसलेला देव काही घेणारा नाही आणि देणाराही नाही.

जैन विचारात जग कुणी घडवलेलं नाही आणि ते कुणी चालवतही नाही. तीर्थंकर हे माणूस म्हणून जन्मले, घरदार सोडून तप केलं, राग-द्वेष जिंकले, सर्वज्ञ झाले, लोकांना मार्ग सांगितला आणि शेवटी सगळी कर्मं झडून मुक्त झाले. मुक्त आत्मा लोकाच्या माथ्यावर सिद्धशिलेच्या ठिकाणी असतो. तिथून तो परत येत नाही, कुणाच्या संसारात लक्ष घालत नाही. त्याला वीतराग म्हणतात. आरती केली म्हणून तो खूश होणार नाही, केली नाही म्हणून कोपणारही नाही. मग रोज पहाटे उठून, आंघोळ करून, सोवळं नेसून ही सगळी पूजा कशासाठी?

हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारण्याआधी जैन आचार्यांनीच विचारून ठेवला आहे. आचार्य समंतभद्रांच्या स्वयंभूस्तोत्रात चोवीस तीर्थंकरांची क्रमाने स्तुती आहे. त्यात बारावे तीर्थंकर वासुपूज्य यांना उद्देशून ते म्हणतात:

न पूजयार्थस्त्वयि वीतरागे न निन्दया नाथ विवान्तवैरे।
तथापि ते पुण्यगुणस्मृतिर्नः पुनाति चित्तं दुरिताञ्जनेभ्यः॥

हे नाथ, तू वीतराग आहेस, तुला आमच्या पूजेचं काही नाही. तू वैर टाकून दिलं आहेस, तुला निंदेचंही काही नाही. तरीही तुझ्या पवित्र गुणांची आठवण आमच्या चित्तावरची पापाची काजळी धुऊन काढते. देवाच्या तोंडावर 'तुला याची गरज नाही' असं सांगणारं स्तोत्र! मला तर भक्तिवाङ्मयात इतका प्रामाणिक श्लोक क्वचितच भेटला.

या श्लोकामागे कर्माचा जैन सिद्धांत आहे. जैनांसाठी कर्म म्हणजे नुसता हिशेब नव्हे. ते अतिसूक्ष्म पुद्गल, म्हणजे एक प्रकारचं द्रव्यच आहे. क्रोध, मान, माया, लोभ या कषायांनी आत्मा चिकट झाला की ते त्याला येऊन चिकटतं. कषाय जितके तीव्र तितका बंध घट्ट. पूजेच्या वेळी मन जर खरोखर वीतरागाच्या गुणांवर टिकलं, तर तेवढा वेळ कषाय मंद होतात, पापाचा बंध कमी होतो, पुण्याचा होतो, जुनी कर्मं सैल होतात. जे घडतं ते पूजा करणाऱ्याच्या आत घडतं. कोल्हापुरातल्या तालमीत भिंतीवर जुन्या मल्लाचा फोटो असतो. तो फोटो कुणाच्या वाटच्या जोरबैठका काढत नाही, पण त्याच्याकडे बघून पोरं चार जास्त काढतात. मूर्तीचं काम साधारण असं आहे.

म्हणूनच जैनांच्या सर्वांत मोठ्या मंत्रात कुणाचं नावच नाही. 'णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं, णमो आयरियाणं, णमो उवज्झायाणं, णमो लोए सव्व साहूणं.' प्राकृतातल्या या पाच ओळी, 35 अक्षरं. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि जगातले सर्व साधू यांना नमस्कार. यात ऋषभदेव नाहीत, महावीर नाहीत. नमस्कार एखाद्या व्यक्तीला नाही, त्या पायरीला पोहोचलेल्या प्रत्येकाला आहे. आणि शेवटी मागणी? एकही नाही. दिगंबर असोत की श्वेतांबर (जैनांचे हे दोन मुख्य पंथ), मूर्ती मानणारे असोत की न मानणारे, हा मंत्र सगळ्यांचा आहे.

आता प्रत्यक्ष पूजेकडे येऊ. दिवसाची सुरुवात अभिषेकाने होते. त्यामागची कथा अशी की तीर्थंकराचा जन्म होताच सौधर्म इंद्र त्या बाळाला मेरू पर्वतावर नेतो आणि तिथल्या पांडुकशिलेवर बसवून क्षीरसागराच्या पाण्याने 1008 कलशांनी न्हाऊ घालतो. बस्तीत अभिषेक करणारा श्रावक त्या वेळेपुरता इंद्र होतो. मोठ्या विधानात, म्हणजे विशेष पूजेत, तर तो मुकुट आणि हार घालतो, सोबत त्याची इंद्रायणी असते. म्हणजे पूजा हे एका अर्थी नाट्यही आहे. मागे घडलेलं आज पुन्हा करून बघायचं, आणि करणाऱ्याने स्वतः त्यातलं पात्र व्हायचं. पंचकल्याणक प्रतिष्ठेत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. गर्भ, जन्म, तप, ज्ञान आणि मोक्ष हे तीर्थंकराच्या आयुष्यातले पाच प्रसंग काही दिवसांत साऱ्या गावासमोर उभे केले जातात आणि त्यानंतरच नवी मूर्ती पूजेला योग्य होते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पंचामृत अभिषेकाची परंपरा आहे. नाव पंचामृत असलं तरी द्रव्यं पाचांहून जास्त असतात: नारळपाणी, उसाचा रस, तूप, दूध, दही, सर्वौषधी, केशर-चंदन, आणि शेवटी शुद्ध पाण्याचे कलश. काळ्या पाषाणाच्या मूर्तीवरून एकामागून एक रंग ओघळताना पाहणं हा अनुभव आहे. याचं सर्वांत भव्य रूप म्हणजे श्रवणबेळगोळला बारा वर्षांनी होणारा बाहुबलीचा, म्हणजे राज्य सोडून तपाला उभ्या राहिलेल्या ऋषभदेवांच्या मुलाचा, महामस्तकाभिषेक. मागचा 2018 साली झाला. गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने साधारण 981 च्या सुमारास उभारलेली ती सुमारे 57 फुटी मूर्ती मराठी माणसाला आणखी एका कारणाने जवळची आहे: तिच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ कोरलेली आहे. आपल्याकडे कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावर 28 फुटी मूर्ती 1963 साली उभी राहिली.

अशा मोठ्या प्रसंगी पहिला कलश कुणी घालायचा यासाठी सवाल होतात, म्हणजे बोली लागते. त्या पैशातून मंदिरं, धर्मशाळा, शाळा चालतात हे खरं. तरीही ज्याने राज्य सोडलं त्याच्या डोक्यावर पहिलं पाणी घालायचा मान पैशावर ठरावा, हे मला अवघड वाटतं आणि समाजातल्या अनेकांनाही वाटतं.

अभिषेकानंतर अष्टद्रव्य पूजा. जैन विचार सर्वांत सुंदर रीतीने उतरलाय तो इथे, त्यामुळे जरा सावकाश जाऊ. आधी आवाहन, स्थापना आणि सन्निधीकरण: 'अत्र अवतर अवतर', 'अत्र तिष्ठ तिष्ठ', 'अत्र मम सन्निहितो भव भव'. मुक्त झालेला आत्मा कुणाच्या बोलावण्याने खाली उतरत नाही हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला बोलवायचं ते आपल्या मनात. मग आठ द्रव्यं एकेक करून वाहिली जातात आणि प्रत्येकासोबत ते का वाहतोय हे मोठ्याने म्हटलं जातं.

पाणी वाहताना म्हणतात 'जन्मजरामृत्युविनाशनाय', म्हणजे जन्म, म्हातारपण आणि मरण संपावं म्हणून. चंदन संसाराचा ताप शमावा म्हणून. अक्षता अक्षय पद मिळावं म्हणून. अखंड तांदूळच लागतात, तुटका दाणा चालत नाही. फूल वाहताना 'कामबाणविध्वंसनाय'. फुलांचे बाण मारणाऱ्या मदनाचंच शस्त्र त्याला जिंकणाऱ्याच्या पायाशी ठेवायचं. दिवा मोहाचा अंधार जावा म्हणून, धूप आठही कर्मं जळावीत म्हणून, फळ मोक्षाचं फळ मिळावं म्हणून.

नैवेद्य मी मुद्दाम मागे ठेवला. तो वाहताना म्हणायचं असतं 'क्षुधारोगविनाशनाय', माझा भुकेचा रोग नाहीसा व्हावा म्हणून. समोरचा देव भुकेच्या पलीकडे गेलेला आहे. त्याला भरवायचं नाही. त्याच्यापुढे ताट ठेवून भूक हाच रोग आहे हे स्वतःशी कबूल करायचं आणि एक दिवस आपणही तिच्यातून सुटावं अशी इच्छा धरायची. आता प्रसाद का नाही हे ध्यानात येईल. जी भूक सोडायची म्हणून पदार्थ खाली ठेवला, तोच उचलून तोंडात कसा टाकायचा? निर्माल्य परंपरेने मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या उपाध्यांकडे किंवा मंदिरातल्या सेवकांकडे जातं.

आठही द्रव्यं एकत्र करून 'अनर्घ्यपदप्राप्तये' म्हणत अर्घ्य वाहतात, मग गुण गाणारी जयमाला, शांतिपाठ आणि विसर्जन. रोजची पूजा तासाभरात होते. अष्टाह्निक पर्वात, म्हणजे कार्तिक, फाल्गुन आणि आषाढाच्या शेवटच्या आठ दिवसांत, सिद्धचक्र विधान होतं तेव्हा अर्घ्यांची संख्या रोज दुप्पट होत जाते: पहिल्या दिवशी 8, मग 16, 32, आणि आठव्या दिवशी 1024. एकूण 2040. सिद्धांच्या गुणांना अंत नाही हे आठवड्याभरात पाय दुखेपर्यंत पटतं.

इथे एक जुना वाद आहे. अहिंसा हा ज्या धर्माचा प्राण, त्या धर्मात फूल तोडणं, दिवा पेटवणं, दूध-दही ओतणं कसं चालतं? सतराव्या शतकात आग्रा-जयपूर भागातल्या दिगंबरांमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला आणि तेरापंथी रीत रुजली. तिथे अभिषेक फक्त गाळून उकळलेल्या पाण्याचा, फुलांच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ, दिव्याच्या जागी पिवळा केलेला खोबऱ्याचा तुकडा. जुनी रीत पाळणारे ते बीसपंथी. महाराष्ट्र आणि कर्नाटकात तेच जास्त. (श्वेतांबरांमध्ये आचार्य भिक्षूंनी 1760 साली सुरू केलेला तेरापंथ वेगळा. तो मूर्तिपूजाच मानत नाही.) बीसपंथी बाजूचं उत्तर पुन्हा समंतभद्रांकडेच मिळतं, वर दिलेल्या श्लोकाच्या लगेच पुढे: जिनाची, म्हणजे तीर्थंकराची, पूजा करताना थोडा दोष लागतो खरा, पण थंड, कल्याणकारी पाण्याच्या सागराला विषाचा एक कण बिघडवू शकत नाही. दोष लागतच नाही असं ते म्हणत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. तेरापंथी म्हणणार, जो कण टाळता येतो तो टाकायचाच कशाला. दोघांचंही म्हणणं अहिंसेच्या काळजीतूनच येतं.

मुंबई-पुण्यात गुजराती-मारवाडी श्वेतांबर समाजाची देरासरं, म्हणजे मंदिरं, आहेत. तिथली मूर्ती डोळे बसवलेली, अंगी, म्हणजे सजावटीचं आवरण, चढवलेली असते. दिगंबर मूर्ती निर्वस्त्र, निरलंकार. देरासरात शिरताना 'निसीही' म्हणून बाहेरचे व्यवहार बाहेर सोडायचे, श्वासही मूर्तीला लागू नये म्हणून तोंडावर आठपदरी कापड बांधायचं आणि मूर्तीच्या नऊ अंगांना चंदनाचा टिळा लावायचा. मग पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढतात. त्याचे चार हात म्हणजे देव, माणूस, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक या चार गती. वर तीन ढिगल्या म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र. त्याहून वर चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला. मूठभर तांदळात संसारापासून मोक्षापर्यंतचा नकाशा तयार होतो. शेवटी चैत्यवंदन, म्हणजे मूर्तीपुढे म्हणायची स्तुती. ही मनाने करायची भावपूजा, आणि वस्तू वाहून केलेल्या द्रव्यपूजेहून तिचं स्थान वरचं.

स्तोत्रं हा भावपूजेचाच भाग. त्यांत घराघरात म्हटलं जाणारं म्हणजे भक्तामर. कर्ते आचार्य मानतुंग, साधारण सहाव्या-सातव्या शतकातले मानले जातात. वसंततिलका वृत्त, प्रत्येक चरणात 14 अक्षरं, स्तुती पहिले तीर्थंकर आदिनाथ म्हणजेच ऋषभदेव यांची. दिगंबर परंपरेत 48 श्लोक, श्वेतांबरांत बहुतेक ठिकाणी 44. जे चार जास्त आहेत त्यांत दुंदुभी, पुष्पवृष्टी, भामंडल आणि दिव्यध्वनी ही तीर्थंकराची चार प्रातिहार्यं, म्हणजे दिव्य चिन्हं, आहेत. कथा अशी सांगतात की राजाने मानतुंगांना साखळदंडांनी जखडून 48 कुलपांआड कोंडलं आणि प्रत्येक श्लोकाला एकेक कुलूप गळून पडलं. हा राजा कुठे भोज असतो, कुठे हर्ष.

काव्य म्हणून भक्तामर फार गोड आहे. सुरुवातीलाच कवी म्हणतो, मी अल्पज्ञ, विद्वानांच्या हसण्याचा विषय. तुझी भक्तीच मला बळजबरीने बोलायला लावते. वसंतात कोकिळा गाते त्याला कारण आंब्याचा मोहोर, तसं. पण माझ्या मते स्तोत्राचा गाभा दहाव्या श्लोकात आहे. तुझे खरे गुण गाणारे तुझ्यासारखेच होतात यात नवल ते काय? 'भूत्याश्रितं य इह नात्मसमं करोति', जो आश्रिताला आपल्या बरोबरीचा करत नाही त्या मालकाचा उपयोग काय? भक्त पायाशी राहायला आलेला नाही, बरोबरीला यायला आलेला आहे, आणि देवानेही हेच करावं अशी त्याची अपेक्षा आहे. इतकी धीट भक्ती म्हटली जाते आणि ती उद्धट वाटत नाही.

मग मागणं अजिबातच नाही का? आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भक्तामराच्या उत्तरार्धात पिसाळलेला हत्ती, सिंह, वणवा, साप, युद्ध, समुद्र, जलोदर आणि बेड्या अशी आठ भयं येतात आणि तुझ्या स्मरणाने ती टळतात असं सांगितलं जातं. पुढे प्रत्येक श्लोकाला ऋद्धी, मंत्र आणि यंत्र जोडले गेले. अमुक दुखण्याला अमुक श्लोक असंही चालतं. श्रद्धेने कुणाला धीर मिळत असेल तर मिळो, पण जलोदराचा श्लोक म्हणतानाही दवाखाना सोडू नये, आणि दहावा श्लोक विसरू नये.

संसारातल्या मागण्यांसाठी परंपरेने एक वेगळी जागाही ठेवली आहे: शासनदेवता, म्हणजे तीर्थंकरांच्या सेवक-रक्षक देवता. पार्श्वनाथांची यक्षी पद्मावती, ज्वालामालिनी, क्षेत्रपाल. या मुक्त नाहीत, आपल्यासारख्याच संसारी, फक्त देवगतीतल्या, त्यामुळे त्या मदत करू शकतात अशी समजूत. कर्नाटकातल्या हुमचाच्या पद्मावतीला महाराष्ट्रातूनही पुष्कळ माणसं जातात आणि बस्तीतल्या पद्मावतीची बायका ओटी भरतात. काही जैन विचारवंतांना हे मान्य नाही. मला यात एक शहाणपण दिसतं: मूल आजारी असलेल्या आईला 'काही मागू नकोस' असं सांगणं कठीण असतं. मागणं पद्मावतीकडे नेल्याने गाभाऱ्यातला वीतराग वीतरागच राहतो.

हे सगळं संस्कृत-प्राकृतातच अडकून पडलं नाही. हिंदीत आग्र्याच्या द्यानतरायांच्या पूजा आजही म्हटल्या जातात. आपल्याकडे विदर्भातलं कारंजा हे मोठं केंद्र. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक (दिगंबर मठाधिपती) परंपरांची मंदिरं तिथे आहेत. मराठीत गुणकीर्ती, महतिसागर, कवींद्रसेवक अशा जैन कवींची मालिका आहे. ओवी आणि अभंग ही आपलीच वळणं वापरून त्यांनी जिनभक्ती गायली. मराठी संतवाङ्मय शिकवताना ही पानं बहुधा उलटलीच जात नाहीत. ती उलटली जावीत.

आता शेवटचा पेच. आचार्य कुंदकुंद समयसारात सांगतात की बेडी लोखंडाची असो की सोन्याची, ती बांधतेच. पाप ही लोखंडाची बेडी, पुण्य सोन्याची. पूजेने पुण्य लागतं, म्हणजे पूजाही बांधते! म्हणून द्रव्यपूजा गृहस्थासाठी सांगितली आहे. देवपूजा, गुरुसेवा, स्वाध्याय, संयम, तप आणि दान ही त्याची रोजची सहा कर्तव्यं. मुनी मात्र बस्तीत येतात तेव्हा त्यांच्याजवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू यांखेरीज काही नसतं. ते पाणी वाहत नाहीत, तांदूळ वाहत नाहीत. सिद्धभक्ती, चैत्यभक्ती, शांतिभक्ती असे पाठ म्हणतात आणि कायोत्सर्गात, म्हणजे देहाची ममता सोडून निश्चल, उभे राहतात. 27 श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार, म्हणजे वरचा पाच ओळींचा मंत्र.

आणि गृहस्थाने हातात द्रव्य असताना काय जपायचं, ते पार्श्वनाथांच्या कल्याणमंदिर स्तोत्रात आहे. भक्त म्हणतो: मी तुझं नाव ऐकलं, तुझी पूजा केली, तुला पाहिलंही, पण भक्तीने मनात कधी धरलंच नाही, म्हणून दुःखाचा धनी झालो, 'यस्मात्क्रियाः प्रतिफलन्ति न भावशून्याः'. भाव नसलेल्या क्रियांना फळ येत नाही. दिगंबर हे स्तोत्र कुमुदचंद्रांचं मानतात, श्वेतांबर सिद्धसेनांचं, आणि म्हणतात दोघेही.